न पडणारं विमान

“पडणार नाही असं कोणतं, तेवढं सांगा. बाकीचं मला नको.”

मी तिसऱ्यांदा विचारत होतो. इलाही उस्ताद चष्मा पुसत बसले होते.

माळावर त्यांची पत्र्याची खोली. रिमोटवर उडणारी फोमची विमानं करायला त्यांनी तीस वर्षं पोरांना शिकवलं. माझा दादा, महावीर, त्यांचाच चेला. आत दोरीला आठ-दहा विमानं लटकत होती.

“कुणासाठी हवंय, जिन्नू?”

“दादाच्या पोरांसाठी. सुट्टीत विमान करू, असं तो त्यांना म्हणाला होता. आता मी करणार.”

दादा जाऊन सदतीस दिवस झाले होते. उस्ताद मातीला आले होते.

मी एक लाल, लढाऊ विमान दाखवलं. “ते द्या. मजबूत दिसतंय.”

“मजबूतच आहे. फायबरचं. वेगानं जातं. पण नवशिक्याच्या हातून सुटलं की गोळा करायला झाडू लागतो.”

“मग कोणतं?”

त्यांनी एक पांढरं, जाडजूड विमान खाली काढलं.

“हे. जाड फोम. पंख धडाच्या वर बसवलेत, त्यामुळे डगमगलं तरी आपसूक सरळ होतं. पंखा मागच्या बाजूला, म्हणजे नाकावर आपटलं तरी पंखा वाचतो. हळू उडतं. पोरांना विचार करायला वेळ मिळतो.”

“बदकासारखं दिसतंय.”

“बदकच आहे. उडणारं.”

“पडतं का?”

“पडतं.”

माझं डोकं फिरलं.

“उस्ताद, मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, पण मराठीतच विचारतोय ना? दादा कारखान्याच्या छपरावरून पडला. पावसाआधी गळती बुजवायला शेठनं वर चढवला. पट्टा नाही, दोर नाही. सिमेंटचा पत्रा फुटला. खाली त्याचा सम्मेद डबा घेऊन उभा होता. नऊ वर्षांचं पोर! त्यानं पाहिलं सगळं.”

मी बोलतच राहिलो. “तेव्हापासून त्याच्या डोळ्यांतून टिपूस नाही. बोलत नाही, मागत नाही. ताटात पडेल ते खातो. परवा पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, काका, विमान करूया. आणि मी त्याच्यासमोर विमान पाडू? पुन्हा काही मागेल का तो?”

उस्तादांनी चष्मा लावला.

“घरात कोण कोण रडलं?”

“आई. वहिनी. धाकटी तेजा, सगळे रडतात म्हणून.”

“तू?”

“मी कशाला रडू? मला त्या शेठचं टाळकं फोडायचंय.”

“पोरांसमोर कसा असतोस?”

“नीट असतो. हसवतो त्यांना.”

“हं.”

त्यांनी ते बदक माझ्या मांडीवर ठेवलं.

“नाक मोड.”

“काय?”

“माझ्याकडून विमान असंच जातं. आधी मोडायचं. मग जोडायचं. मग उडवायचं. इथून विमान नेणाऱ्या प्रत्येकानं मोडलंय.”

“दादानंसुद्धा?”

“दोन दिवस नुसता घेऊन बसला होता. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून मोडलं.”

“येडेपणा आहे हा.”

“असेल.”

“चांगली वस्तू मोडायला लावता, आणि लोक तुम्हाला उस्ताद म्हणतात!”

“नका म्हणू, असं सांगून पाहिलं. ऐकत नाहीत.”

त्यांना हसू आलं नव्हतं. मला आलं असतं, तर बरं झालं असतं. मी उठून उभा राहिलो. विमान माझ्या हातातच होतं.

“तुमच्यामुळे चढला तो. कळतंय का? पडलं तरी जोडता येतं, हे तुम्हीच त्याच्या डोक्यात भरवलंत. तो कशालाच घाबरायचा नाही. शेठ म्हणाला चढ, हा चढला. एकदा तरी नाही म्हणायचं होतं त्यानं! माणूस जोडता येतो का, उस्ताद? सांगा ना. येतो का जोडता?”

वाऱ्यानं दोरीवरची विमानं एकमेकांना घासत होती.

“नाही,” उस्ताद म्हणाले. “माणूस नाही जोडता येत.”

त्यांनी भांडायला हवं होतं. मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या. म्हातारा नुसता ‘नाही’ म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी विमान गुडघ्यावर आपटलं. पंख मधोमध तुटला. पुन्हा आपटलं. शेपटी उडून दाराजवळ पडली. फोमचे पांढरे दाणे माझ्या पँटला, हाताला, सगळीकडे चिकटले.

उस्तादांनी तुकडे पाहिले.

“मी नाक सांगितलं होतं.”

मी हसायला तोंड उघडलं. बाहेर भलतंच काही आलं. तसला आवाज माझ्या घशात आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. जमिनीवर बसलो आणि किती वेळ तसा होतो, सांगता येणार नाही.

ते जवळ आले नाहीत. पाठीवरून हात फिरवला नाही. खोलीभर वाकून वाकून तुकडे वेचत राहिले. पलंगाखाली गेलेला तुकडासुद्धा काठीनं ओढून काढला.

सगळं एका पिशवीत गेलं. वर गोंदाची बाटली.

मी तोंड पुसलं. “चुकलं माझं. दुसरं द्या. नवं.”

“हेच ने.”

“असलं? सम्मेद विचारेल, हे कुणी मोडलं.”

“कुणी मोडलं?”

“... मी.”

“का?”

मी पँटवरचे दाणे झटकले.

“... दादा गेला म्हणून.”

“मग तेवढंच सांग त्याला.”

“आणि तो रडायला लागला तर? मी काय करू तेव्हा? मला नाही जमत ते, उस्ताद!”

उस्तादांनी पिशवीला गाठ मारली आणि माझ्या हातात दिली.

“गोंद सुकेपर्यंत पंख दोन्हीकडून धरावा लागतो. एक बाजू त्याच्याकडे दे.”