कोरडा पंचा

ही गोष्ट बाहेर सांगू नकोस, असं आईने मला बजावलं आहे. म्हणून नावं गाळून सांगते.

एकदा एका समुद्रकाठच्या गावात एक वृद्ध गुरुजी राहत होते. गावातल्या बहुतेकांना त्यांनीच पोहायला शिकवलं होतं. रोज पहाटे ते स्वतः पहिली बुडी मारत आणि आपला ओला पंचा किनाऱ्यावरच्या काठीवर टाकत. ओला पंचा दिसला की लोक निःशंक मनाने पाण्यात उतरत. पंचा कोरडा असला, तर त्या दिवशी कुणी पाऊलसुद्धा भिजवत नसे.

त्यांची एक शिष्या होती. तिला आपल्या किनाऱ्याचा विलक्षण अभिमान. परगावचं माणूस भेटलं, की नाव विचारायच्या आधी ती म्हणे, “आमच्यासारखं पाणी कुठे मिळणार नाही तुम्हाला.”

दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री अवकाळी पाऊस कोसळला. एरवी गावाचं सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाक्यांकडे जाई. पण असा पाऊस झाला, की गटारं तुडुंब भरत, आणि मैला घराघरांत शिरू नये म्हणून नगरपालिकेला झडप उघडून ते पाणी थेट समुद्रात सोडावं लागे. सकाळी आभाळ निवळलं. समुद्र तर नुकताच धुऊन ठेवल्यासारखा निळा दिसत होता. गुरुजींनी मात्र कोरडाच पंचा काठीवर टाकला, आणि झडप बंद झाली का ते विचारायला ते नगरपालिकेत गेले.

तेवढ्यात लॉजवाले शेट शेजारच्या गावच्या शाळेची सहल घेऊन आले. शिष्येने पंच्याचा अर्थ सांगितला, तशी मुलं हसू लागली.

“काय गं ताई, तुमच्या गुरुजींना थंडी वाजली वाटतं?”

“पाणी चांगलं आहे म्हणे यांचं. लांबून बघायला.”

शेट तिच्या कानाशी लागले. “गटाराचं नाव काढशील तर बघ. गावाचं नाक कापलं जाईल.”

शिष्येला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पंचा घेऊन नळावर गेली, तो भिजवला, पिळला आणि पुन्हा काठीवर टाकला.

मुलं एकच गलका करत पाण्याकडे धावली. एक चिमुरडी मागे राहिली होती. चपला काढून तिने त्या नीट जोडून ठेवल्या आणि वर बघून विचारलं, “ताई, पंचा ओला आहे. आता जाऊ ना मी?”

शिष्येची नजर त्या जोडून ठेवलेल्या चपलांवर खिळली.

इतक्यात शिट्टी ऐकू आली. गुरुजी परतले होते. मुलं ओल्या वाळूवरच थबकली. गुरुजींनी पंच्याचं टोक जिभेला लावलं. त्याला मिठाची चव नव्हती. त्यांनी शिष्येकडे पाहिलं, पण रागाचा एक शब्द काढला नाही. उलट तोच पंचा त्यांनी तिच्या खांद्यावर ठेवला.

“आजपासून हा तुझा. आता या मुलांना काय सांगायचं, ते तूच सांग.”

ती म्हणाली, “पंचा मी नळावर भिजवला. रात्री गटाराचं पाणी समुद्रात सोडलंय. आज कुणी उतरू नका.”

“घ्या,” शेट म्हणाले. “कापलंत नाक.”

पण सहलीबरोबरच्या बाई पुढे आल्या. “आमच्याकडेही पावसात हेच होतं, शेट. फरक एवढाच, की आम्हाला कुणी सांगत नाही. आम्ही थांबतो. ही म्हणेल तेव्हा उतरू.”

संध्याकाळी शिष्येने खालमानेने विचारलं, “गुरुजी, मी खोटेपणा केला. तरी पंचा मलाच का?”

गुरुजी म्हणाले, “बाळ, पाऊस आपल्या हातात नाही. पाणी कधी निर्मळ असेल, कधी नसेल. त्यात आपली फुशारकी कसली? तो पंचा पाहून ते पोर चपला काढून निघालं, ते आपलं खरं वैभव. त्याचं ओझं मी तुला शब्दांत सांगून कळलं नसतं. आज तू ते डोळ्यांनी पाहिलंस. ज्याने ते पाहिलं, त्याच्या हातून पंचा पुन्हा नळावर भिजणार नाही.”

नगरपालिकेच्या पाणी-तपासणीचा अहवाल चांगला आला, त्याच्या दुसऱ्या पहाटे शिष्येने पहिली बुडी मारली. ती काठीपाशी आली तेव्हा सहलीची मुलं रांगेत उभी होती. पंचा नळावर भिजवला की समुद्रात, हे कुणीही विचारलं नाही. ती ताठ मानेने बाजूला झाली आणि म्हणाली, “या.”

म्हणून आपल्या गावाची थोरवी कुणी विचारली, तर निळं पाणी दाखवायच्या आधी त्याला सांगावं, की ज्या दिवशी आमचं पाणी चांगलं नसतं, त्या दिवशी आम्ही— आले गं आई, आले.