मायबाव

ही जी विहीर तुम्ही बघताय, तिला आमच्या नांदखाडीत मायबाव म्हणतात. बाव म्हणजे विहीर. खोल नाही, कठड्यावरून वाकलं की आपलाच चेहरा अगदी जवळ दिसतो. पलीकडे समुद्र, अलीकडे खारी खाडी आणि मधल्या या वाळूच्या पट्ट्यात हे गोडं पाणी. एका अंगाला आमची मशीद, दुसऱ्या अंगाला कोळीवाडा. शहरातून आलेली माणसं पाणी चाखतात, फोटो काढतात आणि नाव वाचून विचारतात, इथे कुठल्या देवीचं ठाणं आहे का? देवी नाही आणि पीरही नाही. चुकीचा ऐकलेला एक शब्द आहे, बस. मी याकूब नाखवा. बोटीवरची नोकरी सोडली तेव्हापासून आल्यागेल्याला ही गोष्ट सांगतो. कुणी विचारलं नाही तरी सांगतो, असं आमच्या घरात म्हणतात. बसा त्या कट्ट्यावर.

फार जुनी गोष्ट. मक्केच्या पैगंबरांना जाऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता म्हणे. त्यांना डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांची नातवंडं अजून हयात होती. अरबांची गलबतं त्याच्या आधीपासून आपल्या किनाऱ्याला येत, खजूर उतरवत, साग आणि मिरी भरून नेत. आता त्याच गलबतांवरून नवी वार्ता येऊ लागली होती. देव एकच आहे, आणि त्याच्यासमोर धनी आणि गुलाम खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभे राहतात. शंभर गाठोड्यांपेक्षा ही एक वार्ता बंदरातल्या हमालांना जास्त नवलाची वाटली असेल.

नांदखाडीत मात्र गलबतं थांबत नसत. इथे कोळ्यांची वस्ती, आणि प्यायला पाणी नाही. बाया होडीतून खाडीपलीकडे जात, झऱ्यावर घागरी भरत आणि भरती गाठून परत येत. त्यांत हिराय नावाची एक विधवा होती. तिचा एकुलता एक मुलगा जिवा समुद्रावर गेला तो आलाच नाही. त्याचं प्रेत सापडलं नाही, म्हणून म्हातारी मानायला तयार नव्हती. रोज ओहोटीला खडकांवर कालवं काढायला जाई आणि हातापेक्षा नजरच जास्त लांब पोचवी.

एका सकाळी तिला खडकांच्या बेचक्यात एक माणूस दिसला. गलबत फुटून वाहत आलेला खलाशी होता तो. नाव सालिम, गाव बसरा. सालिम म्हणजे सुखरूप; पण त्या घटकेला त्याच्याकडे बघून कुणी तसं म्हटलं नसतं. अंगावर मीठ वाळलेलं, ओठ फुटलेले. म्हातारी जवळ गेली तसे त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, “माय.”

आता गंमत अशी, की त्या मुलखातले खलाशी पाण्याला माय म्हणतात. मी आखातात नोकरी केली आहे, या कानांनी ऐकलंय. तो बिचारा पाणी मागत होता. पण ज्या बाईने कित्येक वर्षांत ती हाक ऐकली नव्हती, तिला दुसरं काय ऐकू येणार? तिने कमरेचं भांडं सोडलं आणि होतं तेवढं पाणी त्याच्या तोंडात घातलं. तो पुन्हा म्हणाला, “माय.” त्याला आणखी हवं होतं. म्हातारीने तिथेच त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

वस्तीचा प्रमुख लखमा पाटील वाईट माणूस नव्हता, पण चाच्यांचे हेर असेच बुडाल्याचं सोंग घेऊन येत, हे त्याने भोगलं होतं. अनोळखी माणूस वस्तीत ठेवायचा नाही, हा त्याचा नियम. हिराय त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “यानं मला माय म्हटलाय.”

पाटील पेचात पडला. आई म्हणणाऱ्याला हाकलायचं कसं? शेवटी म्हणाला, “र्‍हाऊ दे तुज्याकडं. पन हा खोटा निघाला, तर त्याच्यासंगं तूपन वस्ती सोडायची. कबूल?” म्हातारीने विचारसुद्धा न करता मान हलवली.

पुढे काय झालं असेल, बघा. सालिमला तहान लागली की तो म्हणे माय. म्हातारी हातातलं काम टाकून धावे, आणि येताना पाणीच घेऊन येई, कारण दमल्याभागल्या पोराला आई आधी काय देते? त्यामुळे त्याला वाटे, बाई आपली भाषा जाणते. तिला वाटे, पोराला आपली किती ओढ आहे. चूक उमगायला जागाच नव्हती.

तो बरा झाला. जाळी ओढू लागला, होडीतून घागरी आणू लागला. दिवसातून पाच वेळा पश्चिमेला तोंड करून वाके. कोळ्यांना आनंद झाला, हाही आपल्यासारखाच समुद्राला हात जोडतो म्हणून. मोडक्यातोडक्या बोलीत त्याने सांगितलं, समुद्राला नाही, समुद्र ज्याने केला त्याला. लोक हसले आणि म्हणाले, तोही तिकडंच राहत असेल. त्याने वाद घातला नाही. संध्याकाळी हिरायला तो आपल्या मुलखातल्या गोष्टी सांगे. त्यातली एक तिला फार आवडे. रखरखीत वाळवंटात तान्ह्या पोरासह राहिलेली एक आई, हाजरा तिचं नाव. पोर तहानेने रडत होतं. ती पाण्यासाठी या टेकडीवरून त्या टेकडीवर धावत राहिली, आणि अखेर पोराच्या टाचेखालीच झरा फुटला. त्या झऱ्याला झमझम म्हणतात, आणि मक्का त्याच्याभोवती वसली. हिराय ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावी, आणि दर वेळी विचारी, “सापडला ना पानी? नक्की?”

हळूहळू सालिमला बोली येऊ लागली. एक दिवस शेजारच्या झोपडीतलं पोर पडलं आणि रडत “माय, माय” करत आईला बिलगलं. पोराला कुणी पाणी दिलं नाही. आईने उचलून घेतलं. सालिम तिथेच उभा राहिला. आपण इतके दिवस काय म्हणत आलो, आणि कोणत्या शब्दावर या घरात राहिलो, ते सगळं त्याला एकदम कळलं.

त्याच सुमारास रमजानचा चंद्र दिसला. सालिमने उपास धरले. दिवसभर अन्न नाही, पाण्याचा घोट नाही, आणि जिभेवर खोटंही नाही. म्हातारीला खाण्याचं काही वाटलं नाही, उपास तिलाही ठाऊक होते. पण पाणी नाही म्हटल्यावर ती हादरली. मग तीसुद्धा पाणी प्यायची नाही. सूर्य टेकला की भांडं घेऊन त्याच्यासमोर बसे आणि त्याच्या हाकेची वाट बघे. हा प्रकार बघायला वस्ती जमू लागली, पाटीलही येऊ लागला.

पण सालिमच्या तोंडून हाक निघेना. तो मुकाट्याने भांडं घेई. म्हातारी विचारी, रुसलास का? खरं सांगावं, तर म्हातारीचं छप्पर जातं. न सांगावं, तर उपाशी पोटी रोज नव्याने खोटं बोलल्यासारखं होतं. मला विचाराल तर मी गप्प बसलो असतो. मी काही सालिम नाही.

एका सांजेला सूर्य बुडाला, म्हातारीने भांडं पुढे केलं, आणि त्याने ते हातात घेतलंच नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, “मी तुला आई म्हटलं नव्हतं. आमच्याकडे पाण्याला माय म्हणतात. मी पाणी मागत होतो. काढायचं तर मला काढा, हिचा यात दोष नाही.”

म्हातारीचा हात भांड्यासकट तसाच पुढे राहिला. दिवसभर तीही तहानलेलीच होती, हे लक्षात घ्या. मग ती म्हणाली, “ती तुमची हाजरा. तिचा पोर कशापायी रडत व्हता?”

“पाण्यापायी.”

“आनि धावली कोन?”

सालिमची नजर तिच्या हातातल्या भांड्यावर गेली.

“मंग तुमच्या लोकांनी पान्याला नि आयेला येकच नाव ठेवलं, त्यात तुजं काय चुकलं? पी.”

तो प्यायला, आणि रडला, असं सांगतात. मग सगळे पाटलाकडे बघू लागले. लखमा पाटील उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, “खोटा निघाला तर, असं म्या म्हनलं व्हतं. हा तर खरा निघाला.” आणि घरी निघून गेला. असा माणूस आज आमच्या ग्रामपंचायतीत हवा होता.

आईच्या नावाने पाणी द्यावं, याहून मोठं दान नाही, अशी सालिमच्या धर्माची शिकवण. म्हातारीने या वयात होडी हाकून घागरी आणाव्यात, हे त्याला बघवत नव्हतं. रमजान सरल्यावर त्याने या वाळूत खणायला घेतलं. कोळ्यांनी आधी खणून पाहिलं होतं, दर वेळी खारं लागलं होतं. पण ते खोल जात. आपल्या वाळवंटी किनाऱ्यावर सालिमने पाहिलं होतं, की पावसाचं गोडं पाणी वाळूत खाऱ्यावर तरंगत राहतं. ओल लागली तिथेच तो थांबला. पहिली ओंजळ हिरायने चाखली. मग तिने विचारलं, “सापडला ना पानी?”

पुढे बसऱ्याचं एक गलबत पाण्याच्या आशेने इथे थांबलं. खलाशी त्याला म्हणाले, चल घरी. तो म्हणाला, मायसाठी राहतो. त्यांनी नवल केलं आणि बसऱ्यात जाऊन सांगितलं, की हिंदच्या किनाऱ्यावर एक विहीर आहे, तिचं पाणी इतकं गोड की आपला सालिम त्यासाठी तिथेच राहिला. एका शब्दाने दोन्हीकडे घोटाळा केला, तो असा. मग आणखी गलबतं येऊ लागली. काही खलाशी इथेच रमले, इथल्या मुलींशी लग्नं केली. सालिमचं वागणं बघून कोळ्यांतल्या काही घरांनी त्याचा देव आपला मानला, काहींनी नाही मानला. हिरायने अखेरपर्यंत समुद्रालाच नारळ वाहिला, आणि तो नारळ दर वर्षी सालिमने सोलून दिला. जांभ्या दगडाची मशीद उभी राहिली. आम्ही नाखवे त्या मानणाऱ्या घरांतले, असं आमचे आजोबा सांगत.

आजही रमजानात सूर्य बुडायच्या आधी कोळीवाड्यातली एखादी सून येते आणि पहिला पोहरा ओढते. ते पाणी मशिदीच्या पायरीवर येतं. प्यायच्या आधी आम्ही एकदा ‘माय’ म्हणतो, आणि त्यानंतर बिस्मिल्ला. या बावीवर पंप लावत नाहीत. जास्त ओढलं तर खालचं खारं वर येतं. आणि पाणी मागणाऱ्याचं नाव तो पिऊन झाल्याशिवाय कुणी विचारत नाही.

माझी आई गेली त्या वर्षी मला वाटलं होतं, यंदा तो शब्द तोंडातून निघणार नाही. निघाला. आणि समोर भांडं आलं.

तुमची ही छोटी मघापासून चुळबुळ करते आहे. गोष्ट ऐकताना तिने तुम्हाला दोनदा हाक मारली, ताई; नुसतं ‘आई’ म्हणाली, दुसरं काही नाही. आणि तुमचा हात न बघताच पिशवीतल्या बाटलीकडे गेला. ती बाटली राहू द्या. पोहरा भरलेला आहे.