सर्जेरावांचा खुलासा

दगडखाणीवरच्या खोपटांत माणसं होती आणि कड्या मात्र बाहेरून, तिथंच मी दचकले. तसं छापलं, तर खाणमालक सर्जेराव थेट आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत!

"कसले वेठबिगार, पोरी? राजीखुशीनं राहतात सगळे. खुलासा छाप!"

माझा गोंधळच उडाला, कारण मजूरही तेच म्हणाले होते. चाचरत विचारलं, "मग लिहू का, 'ज्याला जायचंय त्यानं खुशाल जावं, माझी हरकत नाही'?"

"लिही की!" त्यांनी ऐटीत सही ठोकली.

अंक निघाल्यावर खाणीवर जाऊन मी तो मोठ्यानं वाचला. मालकाचीच सही, मुकादम काय बोलणार? "कोण येतंय?" मी विचारलं. कुणीच बाहेर आलं नाही. मी पुन्हा हाक मारली.

खोपटातून बाईचा आवाज आला, "ताई, आधी कडी काढा."