टॉवरची उंची आणि चाळीचे कंदील

बिल्डर नरहरशेठ वेंगुर्लेकरांनी चाळीस मजली टॉवर बांधला. तो बघून बघून शेठची मानसुद्धा खाली यायची बंद झाली. दिवाळीला त्यांनी तो तळापासून शेंड्यापर्यंत दिव्यांनी मढवला. टॉवरच्या पायाशी बैठी चाळ होती आणि तिथे अनुसयाकाकू दरवर्षी दारोदार कागदी कंदील लावायच्या.

शेठ तणतणत आले. "काकू, हे गबाळं उतरवा! आज मंत्रीसाहेब उड्डाणपुलावरून आमची रोषणाई बघणार आहेत."

सगळी चाळ हिरमुसली. काकू मात्र गोड हसल्या. "उतरवते हो. एक दिवा ठेवत नाही बघा."

संध्याकाळी चाळ काळीकुट्ट. उंची मापायला पायाशी काहीच दिसेना, अंधारात टॉवरची नुसती दिव्यांची रेघ उरली. शेठबरोबर पुलावर उभ्या मंत्र्यांनी डोळे बारीक केले. "माळ छान आहे शेठ. कुठल्या दुकानावर टांगलीय?"

शेठ घामाघूम होत चाळीत धावले. "काकू, टॉवर बुटका दिसतोय हो!"

"दिसणारच! खाली आम्ही बुटके दिसलो, तरच तुम्ही उंच ना?"

"मग लावा की कंदील!"

"माझे गुडघे धरलेत. तुम्हीच लावा."

शेठनी स्टुलावर चढून दारोदार कंदील टांगले. खाली स्टूल धरून काकू म्हणत होत्या, "सांभाळून हो शेठ, फार उंच जाऊ नका!"