बक्षूचाचाचे चौदा घाट

फार वर्षं झाली त्याला. पांगरखोऱ्यात तेव्हा वीज आली नव्हती, घाटाला डांबर लागलं नव्हतं, आणि साऱ्या खोऱ्यात मिळून चार चाकांचं वाहन एकच होतं. हिरड्याच्या सोसायटीची जुनी पिकअप. लढाई संपल्यावर फौजेच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात सोसायटीने ती उचलली होती. पुढे दोन माणसं मावायची, मागच्या उघड्या हौद्यात हिरड्याची पोती. सकाळी चार जणांनी ढकलल्याशिवाय ती सुरू व्हायची नाही आणि घाटात दर वळणाला उकळायची. तरी लोकांचा तिच्यावर जीव. घरातल्या थकलेल्या जावेला म्हणावं तसं गाव तिला ‘थोरली’ म्हणायचं.

त्याच काळात दरवर्षी लग्नसराईला घाट उतरून बक्षूचाचा यायचा. खरं नाव अल्लाबक्ष, धंदा कल्हईचा. पाठीवर चामड्याचा भाता, पिशवीत कथील आणि नवसागर. गावातल्या शेवंताच्या अंगणाबाहेर खड्डा खणून तो भट्टी लावायचा आणि काळवंडलेली पातेली आतून चंद्रासारखी उजळून द्यायचा. असं म्हणतात, की त्याने कल्हई केलेल्या भांड्यात ताक आठ दिवस आंबत नसे. आता आठ दिवस ताक ठेवून कुणी पाहिलं होतं, ते विचारू नका.

बक्षूचाचाला मागेपुढे कुणी नव्हतं. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. एका वर्षी तो या गावात तापाने आडवा झाला, तेव्हा शेवंताने त्याला पडवीत ठेवून पंधरा दिवस पेज पाजली. तेव्हापासून ती त्याची बहीण. तिची चार वर्षांची ठकी त्याला मामू म्हणायची आणि तो भाता मारत असला की त्याच्या पाठीला टेकून झोपी जायची. त्या वेळी बक्षूचाचा भाता जरा हळू मारायचा. विस्तव मंद झाला तरी चालेल, पोर उठता कामा नये.

अशाच एका वैशाखात, पहाटे, गावात पिसाळलेला कोल्हा शिरला. उकाड्याने माणसं अंगणात निजली होती. या अंगणातून त्या अंगणात तो चावत गेला. एका म्हातारीने त्याला मुसळाने आडवा केला, तोवर नऊ माणसांना त्याचे दात लागले होते. त्यात ठकी होती. तिच्या पोटरीवर चार लाल ठिपके.

पाण्याला भिऊन तडफडत गेलेला माणूस गावाने पूर्वी एकदा पाहिला होता.

तालुक्याचा दवाखाना घाटाच्या वर, वीस मैलांवर. बैलगाडीला जायलाच एक दिवस लागायचा. सोसायटीचा ड्रायव्हर केरबा याने नऊही जणांना हौद्यात बसवलं, गावाने थोरलीला ढकललं, आणि गाडी निघाली. पहिल्याच वळणाला बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. दुसऱ्या वळणाला गाडी फटफट करून बंद पडली ती पडलीच. दुपारी बैलांनी ओढून तिला परत गावात आणलं. केरबा फूटबोर्डावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

“हिच्यात काय राम नाय उरला,” तो म्हणाला. “पाणी वतावं तर खालनं गळतंय. आन् ठिणगीच पडंना.”

बक्षूचाचा गाडीभोवती फिरला. पुढे वाकून त्याने लोखंडी जाळीआड हात घातला.

“केरबा, हे आतलं कशाचं हाय?”

“रेडिएटर त्यो. पाणी थंड करतो. चाचा, हात काढा, ही गाडी हाय, हंडा न्हवं.”

“मी इचारतो कशाचं हाय.”

“तांब्या-पितळंचा असतुया.”

“मग आपलाच की तो,” बक्षूचाचा म्हणाला आणि त्याने बाह्या वर सारल्या.

खाली परात धरून त्याने पाणी काढलं. तळाशी पांढऱ्या खपल्या. त्याने त्या बोटात चुरल्या आणि तो हसला. पांगरखोऱ्याच्या विहिरीचं पाणी चुन्याचं. घरोघरच्या हंड्यांना आतून हाच थर बसायचा आणि तो वर्षानुवर्षं हाच थर उतरवत आला होता.

“शेवंता,” त्याने हाक मारली, “घरटी एकेक गोळा चिंच आण. हिच्या नळ्या बुजल्यात. पाणी फिरंना म्हणून हिचं डोकं तापतंय.”

चिंच आली. गरम पाण्यात कोळून, गाळून ती रेडिएटरमध्ये गेली. वरून हलवत, खालून सोडत तासभर हे चाललं. पिठल्यासारखा घट्ट, करडा गाळ बाहेर पडला आणि मग एकदाचं पाणी एका बाजूने ओतलं की दुसऱ्या बाजूने खळखळ यायला लागलं. मग सोड्याच्या पाण्याने धुऊन, भट्टी पेटवून, नवसागर मारून त्याने गळक्या नळ्यांवर कथील बसवलं. अकरा भोकं होती. बाराव्यांदा त्याने पाणी भरलं आणि खाली कान लावून बसला. टिपूस नाही.

राहिली ठिणगी. केरबाने डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडून दाखवलं. आत जोंधळ्याएवढ्या दोन टिकल्या समोरासमोर बसलेल्या. इंजीन फिरलं की त्या उघडमिट करायच्या आणि प्लगमध्ये ठिणगी पडायची. दोन्ही जळून काळ्या झाल्या होत्या. काळं घालवणं हेच तर बक्षूचाचाचं उभ्या जन्माचं काम. जुन्या पॉलिश पेपरच्या तुकड्याने त्याने त्या टिकल्या घासल्या, प्लगही घासले. दोन टिकल्यांत फट किती ठेवायची ते केरबाला ठाऊक होतं. हिरडा पोचवायला तो बंदरावर जायचा, तिथल्या मिस्त्रीने त्याला सांगितलं होतं, पोस्टकार्ड दुमडून आत जाईल एवढी. गावात पोस्टकार्ड एकच निघालं, शेवंताला माहेराहून आलेलं. तिने ते आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच केरबाने हँडल मारलं आणि अर्ध्या फेऱ्यात थोरली बोलायला लागली. असं म्हणतात, की हँडल नुसतं दाखवलं आणि ती सुरू झाली.

घाट चढला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नऊ जणांच्या जखमा धुतल्या आणि सांगितलं, “पोटात चौदा इंजेक्शनं. रोज एक. मधे खंड पडला तर मी काही सांगू शकत नाही.”

दवाखान्यात खाटा दोन, त्याही भरलेल्या, आणि तालुक्यात राहायला ओळखीचं एक घर नव्हतं. म्हणजे नऊ माणसांना चौदा दिवस रोज घाट चढायचा, तोही वैशाखात. केरबाने बक्षूचाचाकडे पाहिलं. बक्षूचाचाने थोरलीकडे पाहिलं.

“ती चढंल,” तो म्हणाला. मनातून मात्र तो घाबरला होता. भांडं बिघडलं तर दुसऱ्या वर्षी दुरुस्त करता येतं, हे त्याला माहीत होतं. इथे दुसरं वर्ष नव्हतं.

रोज संध्याकाळी तो टिकल्या घासायचा, पोस्टकार्ड घालून फट बघायचा. विहिरीचं पाणी त्याने बंद केलं, झऱ्याचं पाणी फडक्यातून गाळून भरायला लावलं. सकाळी पुढच्या मडगार्डवर बसून तो गाडीबरोबर निघायचा, एक हात बॉनेटवर ठेवून. आईने पोराच्या कपाळाला हात लावावा तसा. चटका वाढला की म्हणायचा, “केरबा, थांब. तिला दम खाऊ दे.” तापलेलं झाकण तो कुणाला उघडू देत नसे. इंजीन निवलं की फडकं धरून स्वतः उघडायचा आणि धार लावून हळूहळू पाणी घालायचा. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी मधल्या वळणावर पंख्याचा पट्टा तुटला. पंखा थांबला, पाण्याचा पंप थांबला. दुसरा पट्टा आणायचा तर तालुक्याच्याही पुढे जायला हवं. बक्षूचाचाचा भाता हौद्यातच असायचा, ठकी त्यावर डोकं ठेवून बसायची. त्याने तिला उचलून शेवंताच्या मांडीवर दिलं, सुरी काढली आणि भात्याचं चामडं लांबच लांब कापलं.

“दादा, तुझं पोट हाय ते,” शेवंता म्हणाली.

“ठाव हाय मला,” तो म्हणाला. “दाभण दे.”

दुपदरी शिवलेला तो चामड्याचा पट्टा पुढचे पाच दिवस पंखा फिरवत राहिला.

आणि मग चौदावा दिवस. त्या दिवशी असं ऊन होतं, की घाटातली माकडंही दगडाआड गेली होती. शेवटची चढण राहिली आणि गाडी धक्के खाऊन थांबली. कॉइलपासून निघणाऱ्या जाड वायरचं रबर उन्हाने तडकलं होतं आणि ठिणगी प्लगला न जाता मधेच लोखंडावर उडी मारत होती. जवळची फडकी घामापाण्याने ओली, बांधलं ते टिकेना. वायर लोखंडापासून लांब धरली तरच गाडी चालायची.

बक्षूचाचा मडगार्डवर पोटावर आडवा झाला आणि त्याने ती वायर मुठीत धरली.

“चाचा, झटका बसंल!”

“बसू दे. तू चढव.”

काही जण सांगतात, त्याने हाताला चामड्याची चिंधी गुंडाळली होती. काही सांगतात, हात उघडाच होता. झटके बसत होते हे मात्र खरं, कारण दर झटक्याला तो मोठ्याने “या अल्ला” म्हणायचा आणि हौद्यातली नऊ माणसं त्याच्यामागून “विठ्ठला” म्हणायची. असं म्हणतात, की त्या चढणीवर त्याच्या पांढऱ्या दाढीतून निळ्या ठिणग्या उडत होत्या आणि रस्त्याकडेच्या वाळक्या पांगाऱ्याला त्या उजेडाने फूल आलं. गाडी वर पोहोचली. चौदावं इंजेक्शन झालं. ठकी रडली, आणि ते रडणं ऐकून मडगार्डवर बसलेला बक्षूचाचाही रडला.

नऊ जणांपैकी एकही माणूस दगावलं नाही.

बक्षूचाचाचे हात मात्र त्यानंतर कापायला लागले. भाता नव्हता, आणि असता तरी कल्हईचा हात राहिला नव्हता. लग्नसराई संपली, तरी तो घाट चढून गेला नाही. शेवंताने पडवीला कूड घालून खोली केली. थोरलीची देखभाल तोच सांगायचा आणि केरबा करायचा. वीस वर्षं ती गाडी रस्त्यात अडली नाही. ठकीच्या लग्नाचं वऱ्हाड तिच्यातूनच गेलं, आणि मामू मडगार्डवर बसायचा हट्ट धरून बसला, तेव्हा त्याला चार जणांनी समजावून आत बसवलं.

अशाच एका वैशाखात तो शांतपणे गेला. खोऱ्यात कबरस्तान नव्हतं, तालुक्याला न्यायला हवं होतं. केरबाही आता म्हातारा झाला होता, पण चाक त्यानेच धरलं. भर दुपारी थोरली घाट चढली, एकदाही न थांबता. वर पोहोचल्यावर केरबाने सवयीने फडकं घेतलं आणि झाकण उघडलं. वाफ आली नाही. त्याने आत बोट घातलं. असं म्हणतात, की पाणी माठातल्या पाण्यासारखं गार होतं.

आज घाटाच्या मधल्या वळणावर नऊ रांजण आहेत. नऊ घरांचे नऊ. चैत्र लागला, की मृगापर्यंत त्या घरातलं कुणीतरी रोज सकाळी झऱ्याचं गाळलेलं पाणी त्यात भरतं. तिथे पाटी नाही. पण घाटातले ड्रायव्हर तिथे हॉर्न वाजवत नाहीत, गाडी बाजूला घेतात, क्षणभर बॉनेटवर हात ठेवतात आणि मग पुढे जातात.

परवाच्या उन्हाळ्यात शहरातून एक नवीकोरी गाडी आली. ठकीची सून रांजण भरत होती. तिने गाडी थांबवून तांब्या पुढे केला. गाडीवाला काच खाली करून हसला.

“बाई, या गाड्यांना असं पाणी लागत नाही आता.”

“तिला नको असंल तर ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “तुम्ही प्या. लई ऊन हाय.”

तो खाली उतरला, तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि सावलीत बसून सगळं पाणी प्यायला.