टेकची सगळी कामं

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. गळ्याची शपथ! माझ्या नाही, तुमच्या. म्हणजे राजा खरा होता की नाही, माहीत नाही. संस्थान नकाशात सापडत नाही, आणि नकाशा वाळवीनं खाल्लाय. पण झोपाळा होता. झोपाळ्याबद्दल दुमत नाही.

त्या झोपाळ्यावर टेंभुर्णखोऱ्याचे राजे, बजाजीराव सरकार, सुपारी चघळत बसले होते आणि हर्डीकर मास्तर त्यांना इंग्रजी शिकवत होते. पावसाळा गेला, हिवाळा गेला, सरकार अजून एकाच शब्दावर होते. शब्द होता 'टेक', म्हणजे घेणे.

"काय शब्द आहे, सरकार!" मास्तर म्हणाले. "साहेब आंघोळ करतो, टेक! चहा पितो, टेक! फिरायला जातो, टेक! खुर्चीत बसतो, टेक! रजा घेतो, तरी टेकच! एकटा शब्द, सगळी कामं!"

सरकारांनी झोपाळा थांबवला. विचार करायचा तर झोपाळा थांबवावा लागे. दोन्ही एकदम जमत नसे.

"एकटा शब्द सगळी कामं करतो? आणि माझ्याकडे ही फौज! पाणी तापवायला एक, चहा करायला एक, मोजड्या पुसायला एक, पुसणाऱ्यावर ओरडायला एक! हाकला सगळ्यांना! एक टेक ठेवा!"

दाराआड कुणीतरी फिस्सकन हसलं.

ती ठकू होती. बंबवाल्या खंडूची पोर, सरकारांचे विडे लावायची. हसू दाबायचा तिनं प्रयत्न केला होता, पण राजवाड्यात राहून किती दाबणार?

"हसतेस? मग तूच टेक!" सरकार गरजले. "उद्या टेक जी जी कामं करतो, ती सगळी एकटीनं करून दाखव. नाही जमलं, तर तू, तुझा बाप आणि सगळे नोकर संस्थानाबाहेर! संध्याकाळी गादीवरून तसा हुकूम काढतो. गादीवरचा हुकूम मग माझ्या बापालाही फिरवता येणार नाही!"

मागच्या आळीत सगळ्या नोकरांची घरं, पोरंबाळं, म्हाताऱ्या आया. जायचं कुठं?

ठकू मात्र मास्तरांकडे वळली. "मास्तर, नीट सांगा हं. हा टेक आंघोळीचं पाणी तापवतो का?"

"छे! पाणी कशाला तापवेल? तो आंघोळ करतो."

"चहा उकळतो?"

"अगं वेडे, पितो!"

"आणि खुर्ची पुसतो?"

"बसतो! किती वेळा सांगू?"

"हेच करायचं ना, सरकार?"

"तंतोतंत हेच!" सरकार म्हणाले आणि झोपाळा पुन्हा सुरू झाला. म्हणजे विचार संपला.

घरी येऊन ठकू बापाला म्हणाली, "आबा, उद्या बंब पेटवा."

"अगं, मला काढलंय ना?"

"राजाच्या आंघोळीसाठी काढलंय. माझ्यासाठी कुठं काढलंय?"

दुसऱ्या दिवशी सरकार उठले आणि ओरडले, "टेक!" कुणी आलं नाही. न्हाणीघरात गेले, तर घंगाळ रिकामं, चंदनाचा साबण झिजलेला, फरशीवर ओली पावलं. चहाच्या तबकात रिकामा कप आणि शंकरपाळ्यांचा चुरा. मोजड्या शोधल्या, तर त्या बागेत चिखलात माखून पडलेल्या. पारोसे, उपाशी, अनवाणी सरकार तणतणत दरबारात शिरले. मागून मास्तर. खिडक्यांना सगळे नोकर लटकलेले.

आता टेंभुर्णखोऱ्यात गादीचा मान राजापेक्षा मोठा. राजानंही आधी गादीला वाकून मुजरा करायचा, मगच वर बघायचं. रोजची सवय! संतापाच्या भरातही सरकारांची मान आपोआप खाली गेली. वाकून, हात जमिनीला लावून, झोकात मुजरा केला. वर बघतात तो काय!

गादीवर ठकू. मांडी घालून. केस ओले.

"घेतला मुजरा," ती म्हणाली.

"खाली उतर, कार्टे!"

"उतरते की! आंघोळ झाली, चहा झाला, फिरून आले, बसूनही झालं. आता फक्त रजा उरली. पण बसलेच आहे तर एक हुकूम काढते. सगळे नोकर कामावर! गादीवरचा आहे हां, सरकार. तुमच्या आबासाहेबांनाही फिरवता येणार नाही."

"पण तू काम काय केलंस?" मास्तर किंचाळले.

"तुमच्या टेकनं काय केलंय, मास्तर? नुसतं घेतो! कुणी तापवलं तर न्हातो, कुणी उकळलं तर पितो. असा एक टेक संस्थानात आधीपासून होताच की! रोज झोपाळ्यावर बसतो. दुसरा कशाला हवा होता?"

खंडूनं डोळे मिटले.

आधी सरकारांची मिशी हलली. मग पोट हललं. मग सरकार असे हसले, की खिडकीतला मोजडीवाला धपकन आत पडला!

"मला टेक म्हणाली! माझ्याच गादीवरून! माग पोरी, काय हवं ते माग!"

"झोपाळा द्या, सरकार. तुम्ही त्यावर बसलात की आमच्या चुली विझतात."

झोपाळा ठकूच्या अंगणात गेला. हर्डीकर मास्तर खंडूच्या हाताखाली बंब फुंकायला लागले. आजही फुंकत असतील. लाकडं ओली होती.

झाली गोष्ट. तुम्हीही मघापासून नुसतं घेतच बसलाय. आता द्या. चहा. आलं घालून. आणि शंकरपाळे कुठं ठेवता, ते मला दिसलंय.