मगरीचा शिदू

फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा वारणेवर पूल नव्हता, आणि गावात शहाणी माणसं आजच्याइतकीच कमी होती. शिदू आंबी तिथं नाव चालवायचा. तो माणसांशी कमी आणि मगरींशी जास्त बोलायचा, असं म्हणतात. चिखलावरची मगरीच्या घसरणीची खूण बघून तो सांगे, नर गेला की मादी, उपाशी गेली की पोट भरून. मग तिथं वेळूच्या काठीला लाल चिंधी बांधे. बायका तेवढी जागा सोडून धुणं धूत.

तरी शिदूवरून गावात दोन तट होते. एक म्हणे, याच्यामुळं आपण जिवंत. दुसरा म्हणे, हाच मगरींना चारतो. गंगाक्काची शेळी नाहीशी झाली तेव्हा तिनं शिदूच्या दारात बसून तीन दिवस शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी शेळी पाटलाच्या गोठ्यात सापडली. शेळी घरी गेली, शिव्या शिदूकडंच राहिल्या.

एका उन्हाळ्यात मोठी मगर ऐन घाटाशेजारच्या वाळूत अंडी घालून राखणीला बसली. घाटावर पाय ठेवला की अंगावर यायची. पाटलानं भाले गोळा केले.

शिदू आडवा आला. "पाटील, पिल्लं बाहेर पडली की ती आपणहून जाईल. तोवर घाट बंद ठेवा. कुणाला तिचा दात लागला, तर मला बांधून तिच्यापुढं टाका."

"आन् पाणी रं? तुझा बा आणंल?" गंगाक्का म्हणाली.

"बा कशाला, आक्का? मी हाय की."

त्यानं नाव बांधून ठेवली आणि वरच्या डोहातनं कावडीनं गावाला पाणी घालू लागला. चाळीस घरं, चाळीस दिवस. खांद्याची साल निघाली, पण एक रांजण रिता राहिला नाही, असं म्हणतात. गाव ते पाणी प्यायचं आणि त्यालाच नावं ठेवायचं.

चाळिसाव्या सकाळी वाळूच्या पोटातनं पिल्लांची हाक आली. सारं गाव काठावर जमलं. मगर वर आली, तिनं वाळू उकरली, आणि एकेक पिल्लू जबड्यात घेऊ लागली.

"अगं बया, सोताची पोरं खातीया!" कुणीतरी किंचाळलं. चाळीस दिवस जिच्या जिवावर सगळे उठले होते, तिच्याच पोरांची गावाला दया आली. दगड सुटले.

शिदू मध्ये धावला. "खात न्हाई रं! पाण्यात नेतीया! थांबा!"

एक धोंडा त्याच्या कानशिलावर बसला. तो पाण्याच्या कडेला कोसळला, पुन्हा हलला नाही. मगरीनं शेवटचं पिल्लू पाण्यात सोडलं. मग ती परत आली, शिदूला तसंच अलगद जबड्यात घेतलं आणि डोहाकडं निघून गेली. त्याला तिचा एक दातही लागला नाही, असं म्हणतात.

तेव्हा कुठं गावाला दिसलं, पलीकडच्या उथळ पाण्यात सगळी पिल्लं पोहत होती.

धोंडा कुणाचा? पाटील म्हणाला, माझा पाण्यात पडला. गंगाक्का म्हणाली, माझा तर अर्ध्यातच. चाळीस घरांत एकाचाही दगड पोचला नव्हता म्हणे.

म्हणून आजही त्या गावात नदीत कुणी खडा टाकत नाही. वैशाखात घाट बंद असतो. पिल्लं पाण्याला लागली की घरटी एक दगड घाटावर आणतात आणि वाकून, आवाज न करता ठेवतात. रास आता पुरुषभर उंच झाली आहे. तिथं कुणी कुणाला काही विचारत नाही. पण एकही घर मागं राहत नाही.